थोरलीचं अंगुस्तान

रफूचं काम असं आहे, की ते चांगलं झालं तर दिसत नाही आणि दिसलं तर ते चांगलं झालेलं नसतं. सुतार आपल्या खुर्चीवर ऐसपैस बसून दाखवतो. गवंडी भिंतीवर तळहात आपटून सांगतो, ही मी उभी केली. रफू करणाऱ्यानं काय दाखवावं? इथे भोक होतं, आता नाही, एवढंच. आणि जे नाहीच ते कोणी कोणाला दाखवायचं?

थोरलीनं जन्मभर ही न दिसणारी वस्तू तयार केली.

बाप रफूगर. रस्त्याला लागून असलेल्या खोलीत, खिडकीच्या उजेडात त्याची चटई असायची. मुली दोन. त्या बापाला एक थोरली, एक धाकटी. बाप हाक मारायचा तशीच सगळी गल्ली मारू लागली. थोरली बापाच्या कोपराला कोपर लावून बसायची आणि त्याच्या सुईकडे बघायची. धाकटीला बसणं माहीत नव्हतं. ती दारात उभी. गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं की बाप तो कपडा पसरायचा, आणि धाकटी टाळी वाजवून ओरडायची, "शोधून दाखवा! भोक कुठे होतं, शोधून दाखवा!" गिऱ्हाईक डोळे बारीक करायचं, बोट फिरवायचं, कपडा उजेडात धरायचं. सापडायचं नाही. मग धाकटी अशी नाचायची, की जणू ते भोक तिनंच गिळून टाकलं होतं.

लोक हसत पैसे देऊन जायचे आणि दुसऱ्यांना सांगायचे. तेव्हा ब्रँड हा शब्द त्या गल्लीत कोणी ऐकलाही नव्हता. पण तो होता, दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता.

बापाचे नियम दोन. पहिला, ज्याचं कापड त्याचाच धागा. कोटाला भोक पडलं तर त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून, एकेक धागा ओढून काढायचा आणि त्यानंच भोक विणायचं. बाजारचा धागा कितीही जुळता आणला तरी उन्हात फितूर होतो, त्याचा रंग वेगळा पडतो. दुसरा नियम, उलटी बाजू कोणाला दाखवायची नाही. सुलट बाजू गिऱ्हाइकाची, उलटी आपली. तिथल्या गाठी, तिथली ओढाताण, ते आपलं घरचं.

आणि एक अंगुस्तान होतं. पितळेचं. सुई मागून रेटताना बोटाला टोचू नये म्हणून बोटाच्या टोकावर घालायची ती टोपी. कधीतरी ते खुर्चीच्या पायाखाली आलं होतं, म्हणून एका बाजूनं चेपलेलं होतं. बापाची नजर अधू झाली तेव्हा एका दुपारी त्यानं ते बोटातून काढलं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि पुन्हा उचललं नाही. दुसऱ्या दिवशी थोरलीनं ते घातलं. सैल होत होतं, म्हणून आत दोरा गुंडाळला. पुढे बोटच भरलं आणि दोरा काढून टाकावा लागला.

"आणि मला काय?" धाकटीनं विचारलं होतं.

बाप हसला. "तुला जीभ दिली की!"

सगळे हसले. धाकटीही हसली. पण काही हसणी माणूस जपून ठेवतो, तसं तिनं ते जपून ठेवलं असावं.

बाप गेला. घर सुटलं. थोरलीचं लग्न झालं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, बोलणं कमी आणि टोमणे जास्त. थोरली एका मोठ्या लाँड्रीत कामाला लागली. लाँड्रीत पुढे काउंटर, मागे वाफेची यंत्रं, आणि दोहोंच्या मध्ये एक जाड निळा पडदा. पडद्यामागे तिचं स्टूल. मालकाची एकच अट होती.

"बाई, गिऱ्हाईक असताना पुढे यायचं नाही."

"का हो मालक? मी काय खाते की काय त्यांना?"

"तसं नाही. मी सांगितलंय, आम्ही रफूला कपडा परदेशी पाठवतो. आता परदेश पडद्यामागून चहाचा कप घेऊन बाहेर आला तर बरं दिसेल का?"

मालक वाईट माणूस नव्हता. वेळच्या वेळी पगार द्यायचा, दुखलंखुपलं विचारायचा. पण पडद्याच्या पलीकडून रोज आवाज यायचे. "अरे वा! कुठे फाटलं होतं तेच कळत नाही!" "काय हात आहे हो!" आणि मालक घसा खाकरून म्हणायचा, "आमची माणसंच तशी आहेत तिकडची." तिकडची बाई अलीकडे सुईत धागा ओवत बसलेली असायची. तिला शाबासकी रोज मिळत होती, फक्त ती दुसऱ्याच्या पत्त्यावर जात होती.

तिला फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, कोणीतरी तिच्या तोंडावर म्हणावं, हे हिनं केलंय. तिची भूक एवढीच होती. पण जेवढी भूक लहान तेवढी ती जास्त दिवस छळते.

धाकटीनं तोवर बरीच दुकानं आणि ऑफिसं बदलली होती. फोन विकले, सहली विकल्या, चष्म्याच्या काचा विकल्या. मग कुठल्याशा वर्गाला गेली आणि तिथून नवे शब्द घेऊन थेट थोरलीच्या स्वयंपाकघरात आली.

"ताई, नोकरीचे दिवस संपले. आता ज्याचा हात त्याचं नाव. माणसानं स्वतःचा ब्रँड उभा करायचा असतो."

थोरलीचा नवरा चपलेचा पट्टा जुळवत म्हणाला, "मेहुणीबाई, ब्रँडचं मागनं बघू. आधी तिलाच उभं करा. स्टुलावर बसून बसून तिचे गुडघे धरलेत."

"भावोजी, चेष्टा नको. ताईसारखा हात सगळ्या शहरात कोणाचा आहे सांगा. आणि ती बसते कुठे? पडद्यामागे!" मग ती बहिणीकडे वळली आणि एकदम लहानपणीच्या आवाजात म्हणाली, "शोधून दाखवा! आठवतं का गं? तू विणायचं आणि मी ओरडायचं. तेच करू. फक्त दार मोठं."

त्या एका आवाजानं थोरली विरघळली. दुसरं कोणी आलं असतं तर तिनं महिनाभर विचार केला असता. पण ही पाठची बहीण. हिच्या फ्रॉकला लावलेली ठिगळं थोरलीच्या बोटांना अजून पाठ होती. आठवड्याच्या आत तिनं मालकाला सांगून टाकलं. मालकानं चष्मा काढून पुसला. "जा बाई. पण एक लक्षात ठेवा, पडदा वाईट दिसतो खरा, पण तो आहे हे आपल्याला माहीत तरी असतं."

तेव्हा तिला ते म्हाताऱ्याचं रडगाणं वाटलं.

नाव धाकटीनंच काढलं. थोरली. बस, एवढंच. नावाच्या बाजूला अंगुस्तानाचं चित्र, बाजूचा चेप तसाच ठेवलेला. थोरलीनं ते कार्ड हातात घेतलं आणि बराच वेळ उलटसुलट केलं. आपलं घरातलं नाव असं जाड कागदावर बसलेलं बघून तिला लाजल्यासारखं झालं आणि मग छाती भरून आली. नवऱ्यानं ते दाराला लावलं आणि दोन पावलं मागे जाऊन म्हणाला, "आता मला घरात शिरायला बेल वाजवावी लागणार बहुतेक."

पहिला व्हिडिओ मात्र फसला. धाकटीनं फाटकी शाल दाखवली, मग रफू केलेली शाल दाखवली. पाहणाऱ्यांनी लिहिलं, ही दुसरीच शाल आहे. बरोबरच होतं. भोक नाहीसं झालेलं कॅमेऱ्याला कसं दिसणार?

"ताई, उलटी बाजू दाखवावी लागेल."

"नाही हं. बाबांनी सांगितलंय."

"बाबांच्या वेळी गिऱ्हाईक दारात यायचं, बोट फिरवायचं. आता बोट फिरवता येत नाही ना? मग विश्वास कशावर ठेवतील? गाठी दिसू देत. त्या गाठीच तर तुझ्या आहेत."

थोरलीनं दोन दिवस शालीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं शाल उलटी केली. बापाचा शब्द मोडला तो असा, कोणी धाक न दाखवता, बहिणीच्या लाडीगोडीत.

आणि लोक वेडे झाले. खिडकीतला तिरपा उजेड, चेपलेलं पितळ, दुमडीतून सुटून येणारा एकेक धागा, आणि वर धाकटीचा मऊ, सांडून न जाणारा आवाज. थोरलीच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झाली होती. सुई ओढताना ती बाजूला उभी राहायची, जशी पंगतीत जागा न मिळालेली पाहुणी. लोकांना ती करंगळीही आवडली. थोरलीचा चेहरा कधी दिसला नाही. धाकटी म्हणायची, चेहरा दिसला की माणसं वय बघतात. हात दिसले की काम बघतात.

एक गोष्ट मात्र थोरलीच्या कानाला खुपली. धाकटी बोलताना म्हणायची, "मी आता हा धागा अलगद काढते. मी आता तो आडवा घालते."

नवऱ्याच्याही कानावर ते पडलं. "मेहुणीबाई, हात माझ्या बायकोचे आणि 'मी' मात्र तुमचं. हे कसं काय?"

"अहो भावोजी, माझी बहीण, माझी बहीण असं म्हणत बसले तर ऐकणाऱ्याचं लक्ष फुटतं. हात आणि आवाज एकाच बाईचे वाटले पाहिजेत. नाहीतरी आम्ही दोघी काय वेगळ्या आहोत?"

"तेही खरंच," थोरली घाईनं म्हणाली. वेगळ्या आहोत असं म्हणायची तिला चोरी वाटली.

ते दिवस चांगले होते, हे सांगितलंच पाहिजे. दाराशी गाठोडी येऊन पडायची. लांबच्या शहरांतून कोट यायचे, त्यांच्या खिशात चिठ्ठ्या असायच्या, हा माझ्या आजोबांचा, जपून करा. थोरली कामाच्या आधी कपड्याशी बोलायची, तू कुठला रे, कोणी फाडलं तुला. धाकटी रोज यायची, आल्या आल्या तिच्या पाठीवर हनुवटी टेकवून काम बघायची, आणि बापासारखं "हं" म्हणायची.

आणि एकदा भाजीच्या गाड्यावर ते घडलं. थोरली गाजरं निवडत होती. शेजारची एक अनोळखी बाई तिच्या हाताकडे टक लावून बघत होती. मग ती हळूच म्हणाली, "ही करंगळी... तुम्ही थोरली का हो?"

थोरलीच्या हातातलं गाजर तसंच राहिलं.

"माझ्या आईची शाल तुम्ही केलीत," ती बाई म्हणाली, आणि भाजीवाल्याला, पलीकडच्या बाईला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अहो, ह्या त्या! हात बघा ह्यांचे!"

घरी येऊन थोरलीनं नवऱ्याला काही सांगितलं नाही. पण भांडी घासताना ती गुणगुणत होती. नवऱ्यानं लिफ्टचा पाना खाली ठेवून विचारलं, "आज काय, वरच्या मजल्यावर अडकलीस वाटतं?" ती नुसती हसली. सबंध आयुष्यातून तिला हवं होतं ते त्या गाजराच्या गाड्यावर मिळालं होतं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी धाकटीनं अंगुस्तान मागितलं.

"मोठ्या स्टुडिओत फोटो काढायचाय. दोन दिवसांत आणून देते."

थोरलीनं बोटातून ते काढलं. बोटाच्या टोकाला गोल वळ होता, त्यावर वारं लागलं तसं तिला नागवं वाटलं. अंगुस्तान ठेवायची एक छोटी लाकडी डबी होती. त्यात ते ठेवून तिनं डबी पुढे केली. "डबी राहू दे गं," धाकटी म्हणाली, आणि अंगुस्तान तसंच पर्समध्ये टाकून गेली.

दोन दिवसांचे आठ झाले, आठाचा महिना झाला. फोटोवाला आजारी होता. मग फोटो आवडला नाही. मग धाकटीला यायला वेळ मिळेना. गाठोडी कमी झाली. "मंदी आहे ताई, सगळीकडेच," धाकटी फोनवर म्हणायची. थोरली बाजारातलं पातळ अंगुस्तान घालून असतील नसतील ते कपडे करत होती आणि बहिणीला मंदीचा त्रास होत असेल म्हणून मनात कळवळत होती. माणूस फसतो तेव्हा त्याला मूर्ख म्हणतात. पण आपल्या माणसावर शंका घ्यायला जी शाळा लागते ती थोरली शिकलीच नव्हती.

एका सकाळी लाँड्रीचा मालक जिना चढून आला. धापा टाकत, हातात फुलांचा गुच्छ.

"अभिनंदन बाई! एवढं मोठं दुकान काढलंत आणि जुन्या मालकाला सांगायचंही नाही?"

"कसलं दुकान?"

मालकाला वाटलं, ही थट्टा करतेय. त्यानं फोन काढला. नवा व्हिडिओ होता. खिडकीतला तिरपा उजेड होता, चेपलेलं पितळ होतं, धाकटीचा मऊ आवाज होता. "मी आता हा धागा अलगद काढते..." सुई ओढताना उजवी करंगळी बाजूला उभी राहत होती.

थोरलीनं फोन डोळ्यांजवळ नेला.

ती करंगळी वाकडी नव्हती. वाकडी केलेली होती. खरी वाकडी करंगळी आपण वाकडी आहोत हे विसरलेली असते. ही क्षणाक्षणाला आठवून वाकत होती. कोणी तरुण बाई होती. नखं गुळगुळीत. तिला कोणीतरी शिकवलं होतं, करंगळी अशी धर, तिचा हात असाच दिसतो.

"बाई?" मालक म्हणाला. मग त्यालाही ते हात दिसले, थोरलीचे मांडीवर पडलेले हातही दिसले, आणि तो गुच्छ कुठे ठेवावा हे न कळून ओट्यावर ठेवून निघून गेला.

पत्ता व्हिडिओखालीच होता. थोरली चालत गेली. रस्त्यात सिग्नलला थांबावं लागे तेव्हा तिला बरं वाटे, तेवढंच पोचणं लांबत होतं.

दुकान काचेचं होतं. दारावर तेच चित्र, माणसाएवढं. आत नवीकोरी चटई, खोटी खिडकी, तिच्यामागे दिवा लावून केलेलं ऊन. काउंटरवरची मुलगी गोड हसली.

"नमस्कार! थोरलीमध्ये तुमचं स्वागत आहे."

"मी थोरली," ती म्हणाली.

मुलीचं हसू जागचं हललं नाही. तिला ते बोलणं नवीन नव्हतं. तिला त्याचं उत्तर शिकवलेलं होतं. "हो ना! आपल्या प्रत्येकीत एक थोरली असतेच. तीच तर आमची थीम आहे. काय दुरुस्त करायचं होतं?"

थोरलीनं वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर धाकटीचा मोठा फोटो होता. डोळे खाली, ओठांवर पुसट हसू, बोटात पितळ. खाली सुंदर अक्षरांत लिहिलं होतं: "नजर अधू झाली तेव्हा बाबांनी हे अंगुस्तान माझ्या बोटात घातलं. त्या दिवशी मी थोरली झाले."

फोटोखाली काचेच्या पेटीत ते ठेवलं होतं. मखमलीवर. कोणीतरी ते घासून चकचकीत केलं होतं. बापाच्या आणि तिच्या बोटांचा काळपट डाग त्यावरून गेला होता. चेप तेवढा राहिला होता. नकळत तिनं काचेवर हात ठेवला.

"प्लीज, काचेला हात नको हं," मुलगी म्हणाली. "डाग पडतात."

थोरलीनं हात मागे घेतला आणि पदरानं काच पुसली. मग ती घरी आली.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याला टोमणा सुचला नाही, ह्यावरूनच तिला कळलं की झालंय ते मोठं आहे. "जाऊ का मी? बोलू?" त्यानं विचारलं.

"काय बोलणार? ती येईल."

"कशावरून?"

"तिथल्या बायका दुमडीतला धागा काढल्याचं दाखवतात, पण घालतात बाजारचा. व्हिडिओत दिसलं मला. आज ना उद्या फितूर होईल. तेव्हा येईल."

ती आली. एका स्वच्छ दुपारी, हातात कोट घेऊन. काळा, भारी लोकरीचा, खांद्यावर अंगठ्याएवढं भोक. भोवती कोणीतरी रफूचा प्रयत्न करून उसवलेला. आल्या आल्या तिनं पूर्वीसारखी थोरलीच्या पाठीवर हनुवटी टेकवली. थोरलीची पाठ आक्रसली. धाकटीला ते कळलं आणि ती समोर येऊन बसली.

"हा बँडमास्तरांचा कोट. म्हातारा फार मोठा माणूस आहे ताई, पुढच्या आठवड्यात त्याचा सत्कार आहे. म्हणतो, मला तेच हात हवेत. आमच्या मुलींनी घाण केली. तू कर ना."

"दुकान बघून आले मी."

धाकटीनं पर्समधून एक सुरेख खोका काढून पुढे सरकवला. "मी सांगणारच होते. हे बघ, पहिला नग तुझ्यासाठी आणलाय."

खोक्यात अंगुस्तान होतं. सोनेरी, हलकं. बाजूला तोच चेप, साच्यातून काढलेला. असे शेकडो निघणार होते, भेट म्हणून विकायला.

थोरलीनं ते बोटात घालून पाहिलं. बोटाच्या अर्ध्यावर अडकलं.

"बाबांनी अंगुस्तान तुझ्या बोटात घातलं?" तिनं विचारलं.

"ताई, ती गोष्ट आहे गं. लोकांना गोष्ट लागते."

"गोष्ट खरी होती की. तीच सांगायची."

"खऱ्या गोष्टीत मी कुठे होते?" धाकटीचा आवाज पहिल्यांदाच मऊ राहिला नाही. "सांग ना, कुठे होते मी? दारात! तुला अंगुस्तान आणि मला म्हणे जीभ दिली. सगळे हसलात. मग त्या जिभेनं मी मिळवलं ते माझं नाही का? तुझ्या हाताला गिऱ्हाईक कोणी आणलं? तू तर पडद्यामागे मेली असतीस."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. थोरली कोटाच्या खांद्यावरून बोट फिरवत राहिली.

"तू मागितलं असतंस तर मी दिलं असतं," ती शेवटी म्हणाली. "अंगुस्तानही दिलं असतं. तू फोटोला म्हणून नेलंस."

धाकटीनं मान वळवली. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. त्या दोघी तो आवाज थांबेपर्यंत ऐकत राहिल्या.

मग थोरलीनं कोट मांडीवर घेतला. कोटाचा काय गुन्हा? तिनं आतली दुमड उसवली आणि सुईच्या टोकानं एक लांब काळा धागा सोडवून घेतला. तो सुईत ओवला. पहिला टाका घालायच्या आधी तिनं वर पाहिलं. धाकटीनं फोन काढून समोर धरला होता.

"हे काय?"

"दोनच मिनिटं ताई. फक्त हात. हल्ली लोक लिहायला लागलेत, करंगळी पूर्वीसारखी वाटत नाही म्हणून."

थोरलीच्या ध्यानात आलं. कोट होता, पण कोट निमित्त होता. बहीण हात न्यायला आली होती.

"घे," ती म्हणाली. "पण बोलणार मी."

"तू?"

"सुरू कर."

धाकटीनं बटण दाबलं. थोरलीनं घसा साफ केला. व्हिडिओ एवढे झाले, पण तिचा आवाज त्यात कधी शिरला नव्हता. तो जाडाभरडा होता आणि थोडा कापत होता. "हा कोट बँडमास्तरांचा आहे. रफू मी करतेय. आमच्या घरातली थोरली मी. आजवर तुम्ही ऐकला तो आवाज माझ्या बहिणीचा. ती फार गोड बोलते. हात माझे..."

फोन खाली गेला होता. धाकटीनं तो मांडीवर पालथा ठेवला होता.

"असं नाही चालत ताई. कंपनी आहे आता मागे. मी एकटी नाहीये."

"मग बँडमास्तरांना इकडे पाठव. मी त्यांच्या हातात कोट देईन. बाकी काही नको मला."

"त्यांना इकडे? ह्या जिन्यानं? आणि मग ते विचारतील, दुकानात कोण बसतं! दुकानाची काय पत राहील?"

"म्हणजे पडदाच की गं," थोरली म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असलं तर नवल होतं, की एवढ्या उजेडात इतका जाड पडदा कसा काय मावला. "मालकाचा निळा होता. तुझा काचेचा आहे."

धाकटी उठली. तिनं कोट ओढून घेतला, घडी न घालता हातावर टाकला. दारात तिची पावलं घोटाळली. तिला काहीतरी म्हणायचं असावं. जन्मभरात पहिल्यांदाच तिला शब्द मिळाले नाहीत. मग जिन्यावरून चपलांचा आवाज खाली खाली गेला.

थोरलीच्या हातात सुई तशीच होती आणि सुईत त्या कोटाचा धागा.

"अगं, धागा राहिला!" ती जिन्याच्या तोंडाशी धावली. "धाकटे! धागा घेऊन जा, दुसरा जुळायचा नाही!"

खाली दार लागलं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा दारावरचं कार्ड जागेवर नव्हतं. थोरली खिडकीशी बसली होती. सोनेरी अंगुस्तानाचा खोका ओट्यावर न उघडल्यासारखा बंद. तिच्या मांडीवर जुनी लाकडी डबी होती आणि ती तो काळा धागा बोटाभोवती हळूहळू गुंडाळत होती.

"चहा टाकू का थोरलीबाई?" सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, आणि त्यानं जीभ चावली.

"टाक," ती म्हणाली. "आणि म्हण. तू म्हण. तुझ्या तोंडून काही विकायला निघत नाही."

तो स्टोव्हकडे वळला. थोड्या वेळानं पाठमोराच म्हणाला, "मालक भेटले होते खाली. स्टूल अजून रिकामं आहे म्हणाले. पडदा काढायला तयार आहेत म्हणाले."

तिनं बोटाभोवती आणखी एक वेढा दिला. तो धागा आता दुसऱ्या कुठल्याही कापडात चालणार नव्हता. ज्याचा होता तो कोट बाजारचा धागा पोटात घेऊन सत्काराला जाणार होता, आणि कधीतरी एका उन्हात त्याचा खांदा वेगळा दिसणार होता. तिला त्या म्हाताऱ्याची दया आली. मग तिनं धाग्याचं वेटोळं बोटातून अलगद काढलं, अंगुस्तानाच्या जागी डबीत ठेवलं आणि झाकण लावलं.